तारीख, मुद्देमाल आणि नॉर्डिक भाषांमधला 'टिंग'

न्यायालयाच्या आवारात 'आज माझी तारीख आहे' असे कोणी म्हणाले, तर तो पंचांगातला दिवस सांगत नसून आपल्या खटल्याची सुनावणी सांगत असतो, हे महाराष्ट्रात कोणालाही समजावून द्यावे लागत नाही. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला 'तारीख' हा शब्द मूळचा दिवस-महिन्याच्या नोंदीचा. परंतु आमच्या व्यवसायात तारीख पडते, तारीख लागते, तारीख घेतली जाते, आणि पक्षकार 'तारखेला' येतो तेव्हा तो खरे तर न्यायासनासमोर येत असतो. नेमलेल्या दिवसाचे नाव त्या दिवशी भरणाऱ्या बैठकीला चिकटले आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना हा शब्द इतक्या वेळा कानांवर पडतो की त्यात काही वेगळे आहे, असे वाटेनासे होते. मला ते वेगळेपण जाणवले ते उत्तर युरोपातल्या एका नामाचा इतिहास वाचताना, कारण ते नाम याच पायरीवरून चालू लागले आणि पुढे फार लांब गेले.

ते नाम म्हणजे 'टिंग'. नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश या तिन्ही भाषांत आज त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'वस्तू' किंवा 'गोष्ट' असा आहे. टेबलावरची किल्ली ही एक टिंग, मनात खटकणारी बाब हीसुद्धा एक टिंग. मात्र त्याच नॉर्वेच्या संसदेचे नाव 'स्टोर्टिंग' म्हणजे मोठे टिंग असे आहे, डेन्मार्कच्या संसदेचे नाव 'फोल्केटिंग' म्हणजे लोकांचे टिंग, आणि आइसलँडच्या संसदेचे नाव 'अल्थिंगी' म्हणजे सर्वांचे टिंग. फेरो बेटांवरचे विधिमंडळ 'लॉगटिंग' आणि फिनलंडच्या अखत्यारीतल्या, पण स्वीडिश बोलणाऱ्या ऑलंड बेटांवरचे 'लागटिंग'. या दोन्ही नावांत पहिले पद कायद्याचे आहे. स्वीडनमधले प्राथमिक न्यायालय 'टिंग्सरेट', नॉर्वेतले 'टिंगरेट'. म्हणजे संसद, न्यायालय आणि किल्ली या तिघांना एकच शब्द, आणि तोही एकाच देशात, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडी.

हा गोंधळ बोलणाऱ्यांना जाणवत नाही, याचे एक कारण व्याकरणात आहे. नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांत 'एन टिंग' म्हटले की वस्तू आणि 'एट टिंग' म्हटले की सभा. लिंग बदलले की अर्थ बदलतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपला 'वेळ' पुल्लिंगी असतो तेव्हा तो काळाचा विस्तार असतो, 'माझा वेळ गेला'. आणि स्त्रीलिंगी असतो तेव्हा तो नेमका क्षण असतो, 'जेवणाची वेळ झाली'. परक्या माणसाला मराठी शिकवताना हा भेद सांगून दमछाक होते, पण आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल त्यात कधी चुकत नाही. स्वीडिश भाषेने मात्र हा भेद ठेवला नाही; तेथे दोन्ही अर्थांना 'एट टिंग' हेच रूप चालते.

'वेळ' या शब्दाचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने करावा लागतो. टिंगचे मूळ शोधत मागे गेले की सभेच्याही आधी काळ भेटतो. गॉथिक ही जर्मानिक कुळातली, म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि नॉर्डिक भाषांच्या कुळातली जुनी भाषा, जिच्यात चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर झाले, तिच्यात या शब्दाचा सगोत्र असलेला 'थाइह्स' हा शब्द 'काळ, वेळ' या अर्थाने येतो. त्यामुळे मूळ अर्थ 'ठरलेली वेळ', त्यावरून 'ठरलेल्या वेळी भरणारी सभा', अशी या शब्दाची पहिली पायरी मानली जाते, आणि आमच्या 'तारखे'चा प्रवास डोळ्यांसमोर असल्यामुळे ती मला अगदी स्वाभाविक वाटते. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ मध्ये जर्मानिक जमातींचे वर्णन करताना लिहिले आहे की अचानक काही उद्भवले नसेल तर हे लोक अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला किंवा पौर्णिमेला सभा भरवतात. आणि लगेच तक्रारही केली आहे की सगळे एका वेळी येत नाहीत, जमण्यातच दोन-तीन दिवस वाया जातात, आणि हा त्यांच्या स्वातंत्र्याचा दोष आहे. निमंत्रणपत्रिकेवर सहा वाजताची वेळ छापून सात वाजता सुरू होणाऱ्या कार्यक्रमांना बसलेल्या नाशिककरांनी टॅसिटसला फारसे मनावर घेऊ नये.

उच्चाराच्या बाजूनेही या शब्दाने एक गमतीचा फेरा केला आहे. आपल्या आणि युरोपीय भाषांच्या समाईक पूर्वज भाषेतला 'त' जर्मानिक शाखेत इंग्रजी 'थिंक' या शब्दाच्या आरंभी जीभ दातांना लावून काढतात तसा झाला. म्हणून संस्कृत 'त्रयः' आणि आइसलँडिक 'थ्रीर' हे एकाच शब्दाचे दोन अवतार. पुढे स्कँडिनेव्हियाच्या मुख्य भूमीवर तो उच्चार सुटला आणि पुन्हा साधा 'त'सारखा वर्ण आला. तेथे तीनला 'त्रे' म्हणतात. टिंगचेही तसेच झाले. जुन्या नॉर्समधले, म्हणजे नॉर्डिक भाषांच्या मध्ययुगीन पूर्वज भाषेतले 'थिंग' आइसलँडने जसेच्या तसे जपले, त्यासाठी 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षरही जपले, आणि बाकीच्यांनी 'टिंग' केले. इंग्रजी 'थिंग' हा शब्द व्हायकिंगांनी इंग्लंडमध्ये नेला, असे अनेकदा ऐकायला मिळते. ते खरे नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा वारसा आहे, आणि जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ सभा असा होता. इंग्लंडमधल्या केंट राज्याच्या सातव्या शतकातल्या कायद्यांत तो त्या अर्थाने आला आहे. नंतर इंग्रजीने सभेसाठी दुसरा शब्द वापरला आणि हा वस्तूंच्या वाट्याला गेला.

सभा म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय सभेची वस्तू कशी झाली हे कळणार नाही, म्हणून थोडे तेथे थांबतो. टिंग उघड्यावर भरे. एगिल या आइसलँडी कवीच्या चरित्रात पश्चिम नॉर्वेतल्या गुलाटिंगचे वर्णन आहे: सपाट मैदान, त्यावर वर्तुळात रोवलेल्या हेझलच्या काठ्या, काठ्यांभोवती ताणलेली दोरी, आणि दोरीच्या आत तीन प्रदेशांतले बारा-बारा असे छत्तीस न्यायकर्ते. त्या दोरीला 'पवित्र बंध' अशा अर्थाचे नाव होते. दोरीच्या आत शस्त्राला आणि जबरदस्तीला मज्जाव. त्याच प्रसंगात निकाल आपल्याविरुद्ध जाणार असे दिसताच राणीच्या सांगण्यावरून तिची माणसे धावत जाऊन काठ्या मोडतात, दोरी कापतात आणि न्यायकर्त्यांना पांगवतात. म्हणजे न्यायालय उठवून लावायला भिंती पाडाव्या लागत नव्हत्या, एक दोरी तोडली की पुरे. मला या वर्णनातला तो दोरीचा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोरीच्या आत जे मांडले गेले तेच 'प्रकरण' झाले आणि बाहेर राहिले ते नुसते भांडण.

आइसलँडमध्ये हीच व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. इ.स. ९३० मध्ये स्थापन झालेल्या अल्थिंगीची जागा 'थिंगवेट्लिर' म्हणजे टिंगची मैदाने या नावाने ओळखली जाते. आरी नावाच्या बाराव्या शतकातल्या इतिहासकाराने या जागेची जी हकिगत दिली आहे ती वकिलाला विशेष रुचावी अशी आहे: जमिनीचा मालक खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, त्याला हद्दपार केले गेले, जमीन सर्वांच्या मालकीची झाली आणि ती सभेसाठी राखून ठेवण्यात आली, सभेला येणाऱ्यांना जळणासाठी रान आणि घोड्यांसाठी कुरण त्यात मिळाले. जागाही निसर्गाने सभेसाठीच घडवली असावी अशी. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे तेथे जमीन फाटली आहे, आणि त्या भेगेची उंच काळी कडा वक्त्याचा आवाज खालच्या लोकांपर्यंत पोचवायला मदत करते. दरवर्षी उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे लोक तेथे जमत. मातीच्या आणि गवताच्या कायम भिंती उभ्या असत, त्यांवर आपापले कापड ताणून जो तो राहुटी तयार करी.

त्या सभेचा एकच पगारी अधिकारी असे, त्याला 'कायदा सांगणारा' म्हणत. कायदा लिहिलेला नव्हता. तीन वर्षांच्या मुदतीत या गृहस्थाने दर उन्हाळ्यात एक तृतीयांश असा संपूर्ण कायदा 'लॉगबेर्ग' म्हणजे कायद्याच्या खडकावरून मुखोद्गत म्हणून दाखवायचा, आणि सभेच्या कामकाजाचे नियम मात्र दरवर्षी म्हणायचे. त्या नियमांना 'थिंगस्कोप' म्हणत, आणि आजच्या आइसलँडी संसदेच्या कामकाजाच्या नियमांचे नावही तेच आहे. घनपाठी वेदमूर्तींची परंपरा असलेल्या त्र्यंबकेश्वराच्या जवळ राहणाऱ्यांना पाठांतराचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. मला आश्चर्य वाटते ते दिवाणी प्रक्रिया संहिता दरवर्षी मोठ्याने म्हणायची, या कल्पनेचे. कायदे लिहून काढण्याचे काम १११७ च्या हिवाळ्यात सुरू झाले. त्याआधी, इ.स. १००० च्या सुमारास, देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा की जुने देव पाळावे यावर सभा फुटायच्या बेतात आली तेव्हा निर्णय थोर्गेइर या कायदा सांगणाऱ्यावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता, एक दिवस आणि एक रात्र अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला, आणि उठून त्याने सांगितले की सर्वांचा कायदा एकच असावा आणि सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. घरात गुपचूप जुन्या देवांना बळी देण्याची सवलत काही काळ राहू दिली. यापेक्षा व्यवहारी तडजोड आमच्या लोकअदालतीतही क्वचितच होते.

आता वस्तूकडे. सभा ही ज्यासाठी भरते ते तिच्यासमोर मांडलेले प्रकरण. त्यामुळे सभेचे नाव प्रकरणाला लागणे ही दुसरी पायरी. इटलीत राज्य करणाऱ्या लोंबार्ड या जर्मानिक लोकांचा राजा रोथारी याने ६४३ मध्ये लिहून काढलेल्या कायद्यांत ही पायरी चढताना शब्द रंगेहाथ सापडतो: तेथे 'गैरेथिंक्स' ही भाल्यांची सभा आहे, आणि नुसते 'थिंक्स' म्हणजे सभेसमोर विधिपूर्वक केलेले दान. आपल्याकडच्या बक्षीसपत्राला कोणी 'सभा' म्हणावे तसे हे झाले. प्रकरण झाल्यावर शब्द 'बाब' होतो, बाब झाल्यावर 'काहीही', आणि काहीही झाल्यावर त्यात किल्लीही बसते.

'बाब' आणि 'वस्तू' यांच्यात एवढी उडी कशी, असे ज्याला वाटत असेल त्याने आमच्याकडचा 'मुद्देमाल' पाहावा. अरबीत 'मुद्दआ' म्हणजे ज्यावर दावा सांगितला आहे ते. त्यावरून मराठीत 'मुद्दा' आला आणि त्याचा अर्थ चर्चेतला विषय असा स्थिरावला. परंतु फौजदारी कामात त्याच शब्दाला 'माल' जोडला की समोर येते ती जप्त केलेली वस्तू: कापडात गुंडाळलेला कोयता, दोऱ्याने बांधून लाखेची मोहोर लावलेले पाकीट, त्यावर चिकटवलेले पंचांच्या सह्यांचे लेबल, गुन्हा क्रमांक शाईने लिहिलेला. साक्षीदाराला विचारले जाते, 'हाच तो मुद्देमाल काय?' आणि तो म्हणतो, 'होय, हाच.' त्या क्षणी मुद्दा हातात धरता येतो. घरातून बाजारातून आलेला कोयता न्यायालयात येईपर्यंत नुसता कोयता असतो. नंतर तो आर्टिकल क्रमांक अमुक होतो. तारखेपासून मुद्देमालापर्यंतची आमची शब्दसंपत्ती एका रांगेत लावली की टिंगने हजार वर्षांत केलेला प्रवास, वेगवेगळ्या शब्दांच्या पायांनी, एकाच इमारतीत पूर्ण होतो. आमच्या वकील मित्रांच्या बोलण्यातले 'मॅटर' हेही त्याच रांगेतले: 'माझे मॅटर बोर्डावर आहे' म्हणताना ते प्रकरण असते, आणि पंचवटीतल्या कट्ट्यावर 'मॅटर झाला' म्हणताना ते प्रकरणाच्या आधीचे भांडण असते.

टिंग एकटा या वाटेने गेला असता तर तो अपघात म्हणता आला असता. परंतु नॉर्डिक भाषांतला दुसरा शब्द घ्या, 'साक'. स्वीडिश 'साक' म्हणजे वस्तू, बाब. जुन्या नॉर्समध्ये त्याचाच पूर्वज 'आरोप, दावा' या अर्थाचा होता, आणि डॅनिश 'साग' अजूनही खटल्याला म्हणतात. तिसरा शब्द 'माउल', आइसलँडिकमध्ये भाषा, बोलणे आणि प्रकरण या तिन्हींना चालणारा. त्याच्या मुळाशी असलेला जर्मानिक शब्द गॉथिकमध्ये 'माथ्ल' या रूपात जमण्याच्या जागेला, बाजाराला वापरला आहे. लॅटिनमधला 'काउसा' हा कारण आणि खटला या अर्थांचा शब्द इटालियनमध्ये 'कोजा' आणि फ्रेंचमध्ये 'शोज' होऊन साध्या वस्तूचे नाव बनला. हिंदीतली 'बात' ही संस्कृत 'वार्ता'. बोलणे होते, बाब झाली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात वस्तू ही माणसाच्या आधी असते आणि बोलणे नंतर येते, असे शिकवतात. शब्दांचा इतिहास पाहिला तर माणसे आधी ज्यावर एकमेकांशी भांडली त्याला पुढे वस्तू म्हणू लागली, असे दिसते. आपल्या 'पदार्था'चेही थोडे असेच आहे: पदाचा अर्थ, म्हणून शब्दाने दाखवलेली गोष्ट, म्हणून वैशेषिकांचे द्रव्य-गुण-कर्म, आणि शेवटी कॉलेज रोडवरच्या फलकावरची मिसळ.

आणि मग 'गोष्ट'. हा लेख लिहावासा वाटला तो खरे तर या शब्दामुळे. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा. मराठीतला 'गोठा' हा त्याचा थेट वंशज. गाई जेथे जमतात त्यावरून माणसे जमतात ती 'गोष्ठी', म्हणजे मंडळी, सभा. सभेत होते ते संभाषण, म्हणून गोष्ठी म्हणजे बोलणे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत हे 'गोठी' या रूपाने येते. बोलण्यातली हकिगत म्हणून ती आजीने सांगायची गोष्ट झाली, आणि बोलण्याचा विषय म्हणून 'ही गोष्ट वेगळी', 'एक गोष्ट लक्षात ठेव', 'बाजारातून दोन-चार गोष्टी आणायच्या आहेत' इथपर्यंत आली. 'गप्पागोष्टी' आणि 'गोष्टीवेल्हाळ' या शब्दांत जुना बोलण्याचा अर्थ अजून जिवंत आहे. टिंग आणि गोष्ट यांचे रक्ताचे काहीही नाते नाही. एक शब्द काळापासून निघाला, दुसरा गोठ्यापासून. सभेपाशी दोघांची गाठ पडली आणि तेथून वस्तूपर्यंतची वाट दोघांनी एकमेकांना न विचारता सारखीच धरली. नॉर्वेजियन 'टिंग'चे मराठी भाषांतर 'गोष्ट' असे करताना कोशकाराला कल्पनाही नसते की आपण दोन जुन्या सभांची भेट घडवतो आहोत. फरक इतकाच की उत्तरेकडच्या शब्दाने सभेचे काम सोडले नाही आणि आपल्या गोष्टीने सोडले. 'गोष्टीचे सभासद' म्हणून कोणी निवडून येत नाही. संस्कृत वळणाची 'संगोष्ठी' हिंदीत परिसंवादाला वापरतात, आणि योगायोग असा की आइसलँडिकमध्ये परिसंवादाला 'माउलथिंग' म्हणतात.

सभेचे नाव वस्तूला लागल्याचे आणखी एक उदाहरण मराठेशाहीच्या कागदपत्रांत आहे. वतनाचा वाद गोतसभेपुढे आला, देशमुख-देशपांडे, पाटील, बलुतेदार जमले, साक्षी झाल्या आणि निवाडा झाला की 'महजर' लिहून देत. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत, शेतकऱ्याचा नांगर, सुताराची किकरे. अरबीत 'महजर' म्हणजे उपस्थिती, हजेरी, जमाव. आपला 'हजर' त्याच धातूचा. जमावाचे नाव त्या जमावाने केलेल्या कागदाला पडले, आणि तो कागद पेटीत जपून ठेवण्याची वस्तू झाला.

नाशिकच्या वाचकांना याहून जुना दाखला पायी जाऊन पाहता येतो. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून पाहिला तर पैचाही फरक पडत नाही. ही सगळी व्यवस्था सांगून झाल्यावर लेख म्हणतो की हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवले, आणि रिवाजाप्रमाणे फलकावर निबद्ध केले. आधी सभेला ऐकवणे, मग नोंदवणे. आज आपण दस्त नोंदवायला ज्याच्याकडे जातो तो दुय्यम निबंधक त्याच 'निबद्ध'चा वारसदार. ऐकवण्याचा भाग मात्र आपल्याकडे गळाला.

डेन्मार्क-नॉर्वेत तो शब्दापुरता तरी शिल्लक आहे. जमिनीच्या व्यवहाराच्या अधिकृत नोंदणीला डॅनिशमध्ये 'टिंगलुस्निंग' आणि नॉर्वेजियनमध्ये 'टिंगलुसिंग' म्हणतात. 'टिंगमध्ये जाहीर करणे' हा त्याचा शब्दशः अर्थ. पूर्वी खरेदी-गहाणाचा कागद सभेत मोठ्याने वाचला जाई, म्हणजे नंतर कोणी 'मला माहीत नव्हते' म्हणू शकत नसे. डेन्मार्कमध्ये २००९ पासून ही नोंदणी संगणकावर होते आणि तिचे न्यायालय होब्रो या लहानशा गावी आहे. कोणी काही वाचून दाखवत नाही, तरी घर घेणारा डॅनिश माणूस आपला दस्त 'टिंगमध्ये जाहीर' झाल्याशिवाय निश्चिंत होत नाही. उषवदाताला हा शब्द विनासायास कळला असता.

व्हायकिंगांनी हा शब्द समुद्रापार नेला त्या खुणा नकाशावर आहेत, त्यांचा धावता उल्लेख पुरे. शेटलंडमधले टिंगवॉल, स्कॉटलंडमधले डिंगवॉल, लिव्हरपूलसमोरच्या विरल द्वीपकल्पावरचे थिंगवॉल आणि आइल ऑफ मॅनचे विधिमंडळ 'टिनवॉल्ड' ही चारही नावे थिंगवेट्लिरचीच भावंडे. टिनवॉल्डची सभा दरवर्षी साधारणपणे ५ जुलैला एका पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर उघड्यात भरते आणि वर्षातल्या नव्या कायद्यांचा सारांश मॅन्क्स आणि इंग्रजी भाषांत वाचून दाखवला जातो. राजाने आपल्या घरच्या माणसांपुरती बोलावलेली बैठक ती 'हूसथिंग'. तिच्यावरून लंडनचे एक जुने न्यायालय 'हस्टिंग' झाले, मग उमेदवार ज्यावर उभे राहत तो मंच, आणि आता इंग्रजी वृत्तपत्रे निवडणूक प्रचारालाच 'हस्टिंग्ज' म्हणतात. सभेने होकार दिला की शस्त्रे हलवून दाखवायची पद्धत होती, तिचे नाव 'वॉप्नाटाक'. उत्तर इंग्लंडमध्ये तालुक्यासारख्या विभागाला 'वॅपनटेक' म्हणत ते त्यावरून. रोमन ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स येथे जर्मानिक सैनिकांनी उभारलेल्या वेदीवर 'मार्स थिंक्सस' म्हणजे सभेचा मंगळदेव असे नाव कोरले आहे, आणि जर्मन 'डीन्स्टाग' व डच 'डिन्सडाग' ही मंगळवाराची नावे याच देवावरून आली असे मानतात. आपला मंगळवार तो मंगळवारच, पण त्यांच्याकडच्या मंगळवाराच्या पोटात ग्रामसभा दडलेली आहे.

आइसलँडने सभेचा अर्थ इतका घट्ट धरला की वस्तूसाठी त्याला दुसरा शब्द शोधावा लागला. तेथे वस्तूला 'हलुतुर' म्हणतात, आणि त्याचा जुना अर्थ वाटणीतला हिस्सा किंवा चिठ्ठी टाकून आलेला वाटा. फार उपयोगी वस्तूला 'थार्वाथिंग' म्हणतात, एवढ्या एका कोपऱ्यात थिंग वस्तू होऊन बसले आहे. अल्थिंगी १८०० मध्ये बरखास्त झाली, १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा भरू लागली, आणि १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा करायला मात्र सगळे पुन्हा थिंगवेट्लिरलाच गेले.

मुख्य भूमीवरच्या देशांत गंमत उलटी आहे. लोकांच्या तोंडी शब्द पूर्णपणे वस्तूचा झाल्यानंतर राज्यकर्त्यांनी तो जाणूनबुजून सभेच्या अर्थाने परत आणला. नॉर्वेने १८१४ मध्ये राज्यघटना केली तेव्हा नव्या संसदेला परका शब्द न लावता स्टोर्टिंग म्हटले. स्वीडनने १९७१ मध्ये गावच्या आणि शहरच्या वेगवेगळ्या न्यायालयांची जुनी नावे मोडून सर्वांना टिंग्सरेट केले, नॉर्वेनेही पुढे तसेच करून २००२ पर्यंत सर्वांना टिंगरेट केले. सामी या उत्तरेकडच्या मूळनिवासी लोकांसाठी नॉर्वेत १९८९ मध्ये प्रातिनिधिक सभा सुरू झाली, तिचे नॉर्वेजियन नावही 'सामेटिंग'. अपील न्यायालयांपैकी गुलाटिंग, फ्रोस्टाटिंग, बोर्गार्टिंग आणि एइड्सिव्हाटिंग ही चार मध्ययुगीन सभांची नावे आज समन्सच्या डोक्यावर छापून येतात. हेझलच्या काठ्या आणि कापलेली दोरी ज्या गुलाटिंगची, त्याच नावाच्या न्यायालयाकडे बर्गनचा वकील आज अपील दाखल करतो. याउलट स्वीडनमधल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना 'लान्सटिंग' म्हणत, ते नाव गेल्या काही वर्षांत काढून 'रेगियोन' केले गेले. कामकाजाच्या सोयीचे असेलही, मला मात्र तो बदल आपल्याकडच्या 'मामलेदारा'चा तहसीलदार झाल्यासारखा बेचव वाटतो. सटाण्याच्या यशवंतराव महाराजांना देव मामलेदार याच नावाने लोक ओळखतात, देव तहसीलदार म्हणून पाहावे.

ऑस्लोत शहराच्या मध्यभागी न्यायालयाची मोठी इमारत आहे, तिच्यावर नाव आहे 'टिंगहूस'. नुकतेच वाचायला शिकलेले नॉर्वेजियन मूल ते 'वस्तूंचे घर' असे वाचणार हे उघड आहे, आणि त्याला हसण्यापूर्वी वडिलांनी जरा थांबावे, कारण सुनावणीच्या दिवशी लेबल लावलेल्या जप्त वस्तूही त्याच दारातून आत न्याव्या लागतात.